सव्वाचार फूट

सोमवार, ४ मे

ताईनं मला जिन्याखालची खोली दिली. अकरा खोल्यांचं अतिथीगृह, त्यातल्या सात रिकाम्या, दारं सताड उघडी. आणि सख्खी बहीण जिन्याखाली. कुणी वर चढलं की माझ्या डोक्यावरून चालत गेल्यासारखं वाटतं. "वरच्या खोल्या पाहुण्यांना लागतात," म्हणाली. म्हणजे मी पाहुणी नाही, आणि घरचीही नाही.

ऑफिसनं तीन आठवडे दिलेत. जिल्ह्यातल्या निसर्गस्थळांवर नव्या पाट्या लागणार आहेत, म्हणून धबधब्याची उंची, दगडी कमानीचा गाळा म्हणजे आतली रुंदी, गुहेची लांबी आणि डोहाची खोली नीट मोजून द्यायची. आतापर्यंतचे आकडे ज्याला जसे सुचले तसे रंगवलेत. मी साहेबांना म्हटलं होतं, दुसऱ्या कुणाला पाठवा. ते म्हणाले, "तुमची बहीण तिथंच असते ना? मग राहायची सोय झालीच." हीच माझी पात्रता.

बरोबर साखळीमामा आहेत. खात्यात चौतीस वर्षं साखळी आणि पट्ट्या वाहून त्यांचं नावच तसं पडलं. त्यांना ताईनं दुसऱ्या मजल्यावरची, खिडकीतून डोंगर दिसणारी खोली दिली.

मोजणीवहीत फक्त आकडे लिहायचे असतात. बाकीचं इथं.

मंगळवार, ५ मे

धबधबा मोजला. पाटीवर आठशे फूट. खरा पाचशे ऐंशी. दुपारी जेवताना सांगितलं तर दाजी हसले. "अगं, खालून मान वर करून बघणाऱ्याला आठशेच वाटतो. मान दुखते त्याची. ती मोज." दाजींचं असं असतं. बोलून बोलून समोरच्याला आपल्या बाजूचं करतात. डोह, उड्यांचे कातळ, होड्या, अतिथीगृह, सगळं त्यांनी उभं केलं आणि गाव त्यावर जगतं, हे ते दिवसातून दोनदा सांगतात.

ताई स्वयंपाकघरात उंच स्टुलावर बसून हुकूम सोडते. हे दे, ते काढ, खालचा डबा उचल. आज चमचा पडला तो तिच्या पायाशी. पण वाकून उचलला नाही. माझ्याकडे बघत राहिली. मी उचलला. आणखी एक लक्षात आलं: कपड्यांच्या आत कमरेला रुंद पट्टा आवळते. पन्नाशीला आलेली बाई, बांधा राखायला पट्टा. लहानपणीही ती दोन वेण्या सारख्या झाल्याशिवाय घराबाहेर पडत नसे.

गुरुवार, ७ मे

आज डोह. पाणी गर्द हिरवं, वरून फेसाळलेलं. हातभर खालचंही दिसत नाही. वरच्या डोंगरातून येतं, त्यामुळे मे महिन्यातही हाडं गारठतात. काठाला दोन कातळ आहेत. खालच्या कातळावरून पर्यटक रोज उड्या मारतात, दहा-बारा फुटांवरून. वरचा कातळ तीस फुटांवर, एका खोल कपारीच्या वर आहे. त्यावरून फक्त मेळाव्याच्या दिवशी उडी. बाहेरून नावाजलेले उडीबहाद्दर येतात. पाणी गढूळ म्हणून दोन वर्षं मेळावा झाला नाही. यंदा चोवीस तारखेला ठरलाय. गावभर पताका लागल्यात.

पाटीवर "खोली ४५ फूट". खालच्या कातळापाशी अठरा भरली. ओळंबा तीनदा सोडला, तीनदा अठरा. तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात वरचा कडा कोसळला होता, तेव्हाची दगडमाती खाली आली असणार.

ताईनं संध्याकाळी विचारलं, "कुठं कुठं मोजलंस?" मी सांगितलं. ती भांडी पुसत होती. "आणि मधे? धबधब्याच्या तोंडासमोर, कपारीच्या रेषेत?"

"एकेक करून मोजणारच आहे. मला माझं काम येतं."

"येत असेल," म्हणाली आणि तेच भांडं पुन्हा पुसायला घेतलं. दहावीपर्यंत माझी गणिताची वही तपासायची, ती सवय अजून गेली नाही.

शनिवार, ९ मे

व्हायचं ते भांडण झालं. निमित्त बाबांच्या चष्म्याचं. माझ्या पर्समध्ये त्यांचा जुना चष्मा असतो, तो तिनं टेबलावर पाहिला आणि हातात घेतला. मी म्हटलं, "ठेव तो. ज्यांनी आठ महिने त्यांचं केलं, त्यांच्याकडे राहू दे."

ती काही बोलली नाही. तिचं ते न बोलणंच मला सहन होत नाही. मग मी सगळं काढलं. दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा मी फोन केला, येतेस की नाही? म्हणाली, नाही जमायचं. एप्रिलमध्ये बाबा गेले, पुन्हा फोन केला. फोन दाजींनी घेतला. ती नातेवाइकांकडे गेलीय, सीझन तोंडावर आहे, कठीण आहे. शेवटचं तोंड बघायलाही आली नाही. बाबा शेवटच्या आठवड्यात दार वाजलं की विचारायचे, थोरली आली का? मी काय सांगायचं होतं त्यांना?

ताई स्टुलावर ताठ बसून ऐकत होती. पाठीचा कणा कधी इंचभरही झुकत नाही हिचा. शेवटी म्हणाली, "झालं तुझं? तर मग पाण्याची घागर तेवढी वर ठेवून जा."

मी ठेवली. का ठेवली कळत नाही.

सोमवार, ११ मे

आज होडी मधे नेली. धबधब्याच्या तोंडासमोर, कपारीच्या रेषेत. खोली चौदा, पंधरा, तेरा अशी येत होती. साखळीमामा दोरी सोडत होते, मी लिहीत होते. एकदम म्हणाले, "बाई, टेकला."

दोरीवर सव्वाचार फूट.

मी म्हटलं, होडी सरकली असेल. पुन्हा सोडा. सव्वाचार. डावीकडे सव्वाचार, हातभर पुढं साडेचार, मग एकदम तेरा. बारा वेळा मोजलं. डोहाच्या मधोमध बैलगाडीएवढा दगड उभा आहे, माथा सपाट, पाण्याखाली सव्वाचार फुटांवर. वरून काही म्हणजे काही दिसत नाही. आणि वरच्या कातळावरून उडी मारणारा माणूस बरोबर तिथंच पडतो. खालच्या कातळावरचे अलीकडे पडतात, म्हणून आजवर निभावलं.

साखळीमामांनी टोपी काढून डोकं पुसलं. "चोवीस तारखेला इथं चाळीस माणसं उडी मारणार," म्हणाले.

ही वही माझी आहे, म्हणून खरं लिहिते. आकडा पाहिल्यावर आधी मला भीती नाही वाटली. आधी बरं वाटलं. दाजींची पाटी खोटी, ताईचं अतिथीगृह खोट्या पाटीवर उभं, आणि ते मी शोधलं. भीती होडी काठाला लागल्यावर वाटली.

मंगळवार, १२ मे

दाजींना सांगितलं. त्यांनी ताट बाजूला सरकवलं. "दोरी अडकली असेल."

"बारा वेळा?"

"तीस वर्षांत त्या डोहात कुणाच्या केसाला धक्का लागलेला नाही." बोलताना ते माझ्याकडे नाही, ताईकडे बघत होते. "विचार हिला. लग्नाआधीपासून मेळाव्याची पहिली उडी हिची. काय गं? लागलं होतं कधी?"

ताई म्हणाली, "जेवा. गार होतंय."

बघा. नवऱ्यासमोर हिची जीभ टाळूला चिकटते, आणि माझ्यासमोर दांडपट्ट्यासारखी चालते.

गुरुवार, १४ मे

बातमी गावभर झाली. थांब्यावरच्या चहावालीकडे रोज दोन कप घेते. आज म्हणाली, दूध संपलं. दुधाचं भांडं तिच्या कोपराशी काठोकाठ भरलेलं होतं. मी म्हटलं, बिनदुधाचा द्या. म्हणाली, पाणीही संपलं. मागं बसलेले चौघं हसले. त्यातला एक ओरडला, "मोजणीबाई, आमच्या पोटाची खोली पण मोजा की."

होडीच्या तळाला कुणीतरी पहारीनं भोक पाडलंय. साखळीमामा डांबर आणि पत्रा घेऊन बसले. "चौतीस वर्षांत लोकांनी माझ्यावर कुत्री सोडली, कोयते काढले," म्हणाले. "पण ते जमिनीसाठी. पाण्यासाठी पहिल्यांदाच."

अतिथीगृहातल्या कपडे धुणाऱ्या बाईनं माझे कपडे न धुता दाराशी ठेवले. ताई ते बघून गेली.

शनिवार, १६ मे

मेळावा समितीच्या अध्यक्षांकडे गेले. ऑफिसात चषक मांडून ठेवलेले, भिंतीवर उड्या मारणाऱ्यांचे फोटो. एका फोटोत ताई आहे. वीस-बावीसची, हात पसरून हवेत, खाली पाणी. मी तो फोटो कधी पाहिला नव्हता.

अध्यक्ष गोड बोलतात. "मॅडम, तुमचा आकडा आम्ही नाकारत नाही. फक्त मेळावा झाल्यावर द्या. पंचवीस तारखेला द्या."

"चोवीसला कुणी मेलं तर?"

"असं अशुभ बोलू नये." हात जोडून उठले. दारापर्यंत सोडायला आले, आणि दारात आवाज खाली आणून म्हणाले, "तुमचे साहेब माझ्या ओळखीचे आहेत. तुमच्या मेहुण्यांचा संसार या पाण्यावर आहे. बहिणीच्या घरात राहून, तिच्याच हातचं खाऊन हे करताय. लोक काय म्हणतात ते मी सांगत नाही."

लोक काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. बाबांचं सगळं मी केलं म्हणून मी आता बहिणीवर सूड उगवते, असं म्हणतात. हे बाहेर कुणी सांगितलं? घरातलं भांडण घरातूनच बाहेर जातं.

रविवार, १७ मे

ते खरं आहे का? दिवसभर हाच विचार. दाजी दुसऱ्या कुणाचे असते तर मी इतकी भांडले असते का? असते, असं वाटतं. पण इतक्या जोरात नाही.

सोमवार, १८ मे

मोजणीवहीतलं डोहाचं पान नाही. धारदार पात्यानं, शिवणीलगत, सरळ रेषेत कापलेलं. इतकं नीटनेटकं काम या घरात एकच माणूस करतं. काल ती माझ्या खोलीत आली होती, चादर बदलायला म्हणून, आणि विचारत होती, "यातलं डोहाचं कुठलं? हे बारा ओळींचं? खाली सही कुणाची लागते?" मी मूर्खासारखं दाखवलंही. मला वाटलं, निदान विचारते तरी आहे.

तिला तोंडावर विचारलं. म्हणाली, "वही सांभाळायची असते."

"म्हणजे तूच कापलंस."

"मी म्हटलं, वही सांभाळायची असते. इथं ठेवू नकोस. मामांकडे दे."

चोर वर तोंड करून मला सांभाळायला शिकवतोय. वही मुद्दाम माझ्याच टेबलावर ठेवली. काय करायचं ते करा.

मंगळवार, १९ मे

वही गेली. सकाळी पाणी तापवायच्या भट्टीत अर्धी जळलेली सापडली. पुठ्ठा आणि कमानीची चार पानं तेवढी शिल्लक. दाजी भट्टीशी उभे होते. "रद्दीत गेली असेल चुकून," म्हणाले. डोळ्याला डोळा देऊ शकले नाहीत.

नवरा-बायकोची जोडी छान जमलीय. एकानं कापायचं, एकानं जाळायचं.

पुन्हा मोजावं म्हटलं तर डोहावर दोर लावून माणसं बसवलीत. मेळाव्याची तयारी, होडी आत सोडायची नाही. मी ऑफिसचं पत्र दाखवलं. त्यांनी ते उलटं धरून वाचलं.

गुरुवार, २१ मे

साहेबांचा फोन. अध्यक्षांची तक्रार आलीय: अधिकारी नातेवाइकांशी वैयक्तिक वैर काढत आहेत. उद्या दुपारच्या गाडीनं परत या, असा आदेश. मग म्हणाले, "आणि हो, तुमचं ते डोहाचं पान आज टपालानं मिळालं. नुसतं पान का पाठवलंत?"

मी चकित. "मी नाही पाठवलं."

"अक्षर तुमचं, सही तुमची. पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव नाही. पण वहीतून सुटलेलं पान म्हणजे कागदाचा कपटा. वही आणा, मग बघू."

"वही जाळली, साहेब."

"मग काही बघायला उरलं नाही," म्हणाले.

साखळीमामांचे आभार मानले. त्यांनीच कापून पाठवलं असणार, माझ्यावर बालंट नको म्हणून न सांगता. ते म्हणाले, "मी नाही हो बाई. मला पात्यानं टोमॅटो कापता येत नाही सरळ." नम्र माणूस आहे, कबूल करणार नाही.

मी ताईला उगाच बोलले का? पण मग सोमवारी ती गप्प का राहिली? नाही केलं तर नाही म्हणायचं. तोंड शिवलं होतं का कुणी?

उद्या सकाळी वरच्या कातळावरून सराव आहे. खालच्या दिवाणखान्यात बाहेरून आलेल्या उडीबहाद्दरांना मी स्वतः सांगितलं. त्यांतली एक उंच मुलगी म्हणाली, "आयोजकांनी सांगितलंय, मोजणीबाईंचं घरगुती प्रकरण आहे." फार आदरानं म्हणाली. ताई तिथंच हिशेबाच्या खिडकीमागं उभी होती.

शुक्रवार, २२ मे

घडलं तसं लिहिते.

सकाळी आम्ही होडी परत न्यायला डोहावर गेलो. परत नेण्याला कुणाची हरकत नव्हती. काठावर दोनशे माणसं. दाजी वरच्या कातळाखाली शिट्टी घेऊन उभे. कातळावर रांग, पहिला नंबर त्या उंच मुलीचा. मी दाजींना म्हटलं, शेवटचं सांगते. ते म्हणाले, "तुझी गाडी दुपारची आहे ना? जा."

तेवढ्यात डोहाकडे उतरणाऱ्या पायऱ्यांवर ताई दिसली. त्या पायऱ्या ती उतरताना मी आल्यापासून एकदाही पाहिली नव्हती. कठड्याला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. अंगावर रोजचेच कपडे, आणि तो पट्टा कपड्यांच्या वरून बांधलेला. लोकांनी वाट दिली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, पहिली उडी मारायला आली, पूर्वीसारखी.

ती कातळाकडे गेलीच नाही. सरळ पाण्यात शिरली.

"अगं, बाहेर ये," दाजी म्हणाले. मग शिट्टी वाजवली. एकदा, दोनदा. ती पाठीवर तरंगत, फक्त हात मारत, मधे जात होती. पाय हलत नव्हते फारसे. धबधब्याच्या तोंडासमोर, कपारीच्या रेषेत आली. तिथं दोन-तीन वेळा बुडल्यासारखी झाली. मी होडीकडे धावले.

आणि ती उभी राहिली.

पंचेचाळीस फूट खोल डोहाच्या मधोमध माझी बहीण उभी होती, पाणी छातीशी. दोन्ही हात बाजूला, तोल सांभाळायला. वरची ती उंच मुलगी एक पाऊल मागं सरकली, मग खाली बसली.

ताई दाजींकडे बघून म्हणाली, "वाजवा आता."

ओरडून नाही. स्वयंपाकघरात मीठ मागावं तशी. दाजींची शिट्टी ओठांत होती तशीच राहिली.

मग तिचे ओठ निळे पडायला लागले, आणि एकाएकी चेहरा असा झाला, जणू आतून कुणीतरी पकडलंय. पाय घसरला. आम्ही होडी तिच्यापर्यंत नेली तेव्हा ती दगडाच्या कडेला हातांनी धरून होती. मी काखेत हात घालून वर ओढायला गेले, तर मागून पाण्यातून दाजी आले, कपड्यांसकट, धापा टाकत. "ओढू नकोस," म्हणाले. "वाकवू नकोस तिला. फळीसारखी आडवी उचल. खांद्याखाली मी धरतो, तू कंबर धर. हळू."

किती सराईतपणे सांगत होते. मी विचारलं, "तुम्हाला कसं माहीत?"

ताईनं डोळे मिटून घेतले.

शनिवार, २३ मे

तालुक्याचं रुग्णालय. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला बोलावलं. "जुनाच मणका आहे, पुन्हा दुखावला. पाय हलताहेत हे नशीब. दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये मीच प्लास्टर घातलं होतं. साडेचार महिने पाठीवर होत्या. तुम्ही धाकट्या ना? तेव्हा कुणीच आलं नाही माहेरचं."

मी म्हटलं, "तेव्हा कशानं झालं होतं?"

"नोंदवहीत जिन्यावरून पडल्या असं आहे. मला तसं सांगितलं, मी तसं लिहिलं." मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "जिन्यावरून पडलेल्या माणसाच्या केसात शेवाळ नसतं."

मी बाकावर बसले. मार्च. माझा पहिला फोन एकवीस तारखेचा.

दाजी पडवीत बसून होते. कालचेच कपडे, अंगावरच वाळलेले. मी समोर जाऊन उभी राहिले. मला वाटलं होतं मी ओरडेन. म्हटलं, "तुम्हाला दगड माहीत होता."

"मला वाटलं, नंतरच्या पुरानं सरकला असेल."

"बघितलंत?"

म्हणाले, "नाही." मग, "बघितला असता तर डोह बंद करावा लागला असता."

आत गेले. ताई सपाट पलंगावर, उशी नाही. मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस का?" छताकडे बघत म्हणाली. "फोन केलास आणि येतेस की नाही एवढं विचारलंस. का येत नाहीस, ते नाही विचारलंस."

"तू सांगायचं होतंस."

"तुझ्या शेजारी बाबा. त्यांना कळलं असतं तर तशा अवस्थेत उठून इकडं आले असते. आणि हे पायाशी बसून रडत होते, गावाचं वाटोळं होईल म्हणून. एकदा खोटं बोलले. पुढचं आपोआप होत गेलं."

"आणि दोन आठवडे मी तुला काय काय बोलले."

"ऐकलं की मी."

"एकदा तरी उलट बोलायचं."

"काय बोलायचं? आले नाही हे खरंच होतं." मग तिचा आवाज चढला, पहिल्यांदाच. "आणि तुझ्यासाठी नाही गेले मी पाण्यात, उगाच गळा काढू नकोस. ती पोरगी बावीसची आहे. माझ्याच खिडकीसमोर उभी राहून घरगुती प्रकरण म्हणाली."

मंगळवार, २६ मे

मेळावा झाला नाही. डोहावर साहेबांनी स्वतः येऊन मोजणी केली. आता अध्यक्षही त्यांच्यासोबत छत्री धरून उभे होते म्हणे. अतिथीगृहाच्या दोन काचा फुटल्या. चहावालीनं साखळीमामांना सांगितलं, मोजणीबाईच्या मोठ्या बहिणीनं पाण्यात उभं राहायचं कारण नव्हतं, तोंडानं सांगितलं असतं तरी ऐकलं असतं. मामा म्हणाले, "तोंडानं सांगितलं तेव्हा तुमच्याकडचं पाणी संपलं होतं." आणि तिथून उठले.

दाजी रोज पडवीत येऊन बसतात. ताई म्हणते, आत नको. मी निरोप देते. ते मान हलवतात आणि बसून राहतात. त्यांची कीव येते आणि कीव येण्याचाच राग येतो.

परिचारिकेनं मला कूस बदलवायला शिकवलं. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, पाठ अजिबात न मुरडता सगळं अंग एकदम वळवायचं. आज एकटीनं केलं. ताईच्या तोंडून आवाज आला नाही, पण माझ्या मनगटावर तिच्या नखांचे चार वळ उठलेत. पाठ पहिल्यांदा नीट पाहिली. मधोमध वीतभर लांब व्रण, जुना, पांढरा पडलेला. मी तिथं बोट ठेवलं नाही.

"गाडी कधीची आहे तुझी?" भिंतीकडे तोंड करून तिनं विचारलं.

"रजा घेतलीय. महिन्याची."

"कशाला? इथं बाया आहेत करायला."

"असू देत."

"बाबांचं केलंस ते ऐकवलंस. आता माझं केलेलं कुणाला ऐकवणार आहेस?"

खुर्ची ओढून खिडकीपाशी बसले आणि ही वही उघडली. थोड्या वेळानं ती म्हणाली, "तिथून उठ. उजेड अडवतेस."

मी खुर्ची उचलून पलंगाच्या या बाजूला आणली. आता मला लिहायला नीट दिसत नाही, पण तिला खिडकी दिसते.